यादीत नसलेली कोकरवाडी

या सदरातले अनुभव मी बहुतेक वेळा चुका काढायलाच वाचते. कुणाला झाडाखाली बाई दिसली की मी विचारते, चष्म्याचा नंबर काय होता? कुणाच्या घरात भांडी आपोआप पडली की मला आधी उंदीर आठवतो. बारा वर्षं गणित शिकवलं, नंतर कॉम्प्युटर... दोन्हीकडे सवय एकच लागली. उत्तर चुकलं म्हणजे कुठल्यातरी ओळीत चूक आहे, शोधा. नवरा म्हणतो हा स्वभावदोष आहे. असेल. पण आज जे लिहितेय, त्यातली ती ओळ मी इतकी वर्षं शोधतेय आणि ती मला सापडलेली नाही.

१९९९ चा उन्हाळा. बारामतीत भिगवण रोडला, पाण्याच्या मोटारींचे पार्ट विकणाऱ्या दुकानाच्या वर माझा क्लास होता. दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. चपला जिन्यात काढायच्या, कारण तेव्हा आमची सगळ्यांची ठाम समजूत होती की धुळीने कॉम्प्युटर मरतो. एमआयडीसीतली पहिली शिफ्ट सुटली की खाली शिकायला येणाऱ्यांच्या मोटारसायकलींची रांग लागायची आणि दुकानदार वर बघून ओरडायचा.

क्लासची झाडलोट हौसामावशी करायच्या. साठीच्या, काटक, कपाळावर भलंमोठं कुंकू. सासर सुप्याकडचं. घरात पूर्वी मेंढरं होती, मग थोडी शेती, मग मुलगा एमआयडीसीत लागला आणि सगळे बारामतीत दोन खोल्यांत राहायला आले. मला त्या ‘बाई’ म्हणायच्या आणि कॉम्प्युटरला ‘ह्यो’. ह्यो आज गरम झालाय, ह्यो रुसलाय. कव्हर घालताना पडद्यावरनं पदर फिरवायच्या, घरातल्या लेकराचं तोंड पुसावं तसा.

त्या वर्षी माझ्या डोक्यात वेबसाइटचं खूळ शिरलं होतं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी जावास्क्रिप्ट शिकले आणि क्लासच्या विद्यार्थ्यांना एकेक गाव वाटून दिलं. प्रत्येकाने आपल्या गावाचं एक पान करायचं — बाजार कुठल्या वारी, जत्रा कधी, देऊळ कुणाचं, गावात यायचं कसं. बारामती आणि इंदापूर, दोन तालुके. माझा स्वतःचा हात लागला तो पहिल्या पानाला. त्यावर दोन याद्या होत्या. पहिलीत तालुका निवडायचा. तो निवडला की दुसरी यादी त्याच तालुक्यातल्या गावांनी भरायची. गाव निवडलं की पाहुणा थेट त्या गावाच्या पानावर. आज शाळेच्या फॉर्ममध्येही हे असतं, कुणी ढुंकून बघत नाही. तेव्हा माझ्या क्लासमध्ये लोक ते बघायला उभे राहायचे.

हे इतकं खोलात सांगते त्याला कारण आहे. त्या याद्या मी हाताने टाइप केल्या होत्या. मराठी अक्षरं तेव्हा पडद्यावर धड दिसत नसत, म्हणून गावांची नावं इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकापुढे त्याच्या पानाचा पत्ता. सुरुवातीला एक घोटाळा होता. आधी बारामती निवडून मग इंदापूर निवडलं, की इंदापूरच्या गावांखाली सुपे तसंच चिकटून राहायचं. म्हणजे नवी यादी भरण्याआधी जुनी रिकामी करायची राहून जात होती. ती चूक शोधायला मी दोन दिवस घालवले. त्यामुळे तो कोड मला पाढ्यासारखा पाठ होता. इंदापूरची एकोणीस गावं, एकोणीस पानं. ज्या गावाचं पान नाही, त्याचं नाव यादीत नाही, हा माझा नियम. पाहुण्याला दारात आणून दार बंद ठेवायचं नाही.

एका दुपारी मी याद्या तपासत होते. हौसामावशी मागे झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी नावं मोठ्याने म्हणत होते. बावडा, भिगवण, कळस, कळंब...

“बाई, त्यात कोकरवाडी हाय का?”

“कुठली कोकरवाडी?”

“माझं म्हायेर. भीमंच्या काठाला. आता पान्यात हाय.”

उजनीच्या पाण्यात गेलेल्या वस्त्यांपैकी ती एक. पंधरा-वीस घरांची, धनगरांची. मी म्हटलं, “मावशी, ती आता नाहीच तर यादीत कशी असणार? पाहुण्याला नेऊ कुठं?”

“ते बी खरंच हाय,” असं म्हणून त्या पुन्हा झाडायला लागल्या. पण झाडू एकाच जागी फिरत होता. माझा स्वभाव फटकळ असला तरी डोळे जागेवर आहेत. मी खुर्ची ओढून त्यांना बसवलं, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं.

कोकरवाडीत त्यांच्या घरचा बिरोबा होता. देऊळ वगैरे नाही. दगडांच्या चौथऱ्यावर नारळाएवढा गोल दगड, पिढ्यान्‌पिढ्या भंडाऱ्याने पिवळा झालेला. त्याची पूजा घरातल्या मेंढरंवाल्या भावाकडे, म्हणजे म्हाकूदादाकडे. ज्या वर्षी पाणी येणार म्हणून वाडी हलवायची ठरली, त्या वर्षी म्हाकूदादा कळप घेऊन कोकणात उतरलेला. निरोप कुठं धाडणार? घरी म्हातारी आई एकटी. म्हणून हौसाबाई सुप्याहून ट्रॅक्टर घेऊन गेल्या, आईला बसवलं, भांडीकुंडी भरली... आणि देव कसा पाण्यात सोडायचा, म्हणून तोही उचलून ट्रॉलीत, हंड्या-पातेल्यांत ठेवला.

“आनि तितंच चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “आमच्यात देव गाडीत बसत न्हाय, बाई. त्यो मेंढरांच्या मागनं चालतो. हलवायचा तर मानसानं डोक्यावर घिऊन, पायी. मला ठावं हुतं. पर आई रडत हुती, ट्रॅक्टरवाला घाई करत हुता... टाकला भांड्यांत.”

म्हाकूदादा महिन्याभराने परतला तेव्हा घरं मोडलेली, चौथरा रिकामा. त्याला कळलं देव कसा गेला ते. तो सुप्याला आलाच नाही. आई तिकडेच हौसाबाईंकडे वारली, तेव्हाही आला नाही. त्याला कळलं तरी का कोण जाणे. हौसाबाई एकदा माग काढत कोकरवाडीला गेल्या होत्या, पाणी चढायच्या आधी. तिथे त्यांना त्याच्या मुक्कामाची चूल दिसली.

इथे त्यांनी मला त्यांची एक रीत सांगितली. मेंढरांचा तळ हलला की तीन दगडांची चूल तशीच मोडून जायचं नाही. दोन दगड जागेवर ठेवायचे आणि तिसरा पुढच्या मुक्कामाच्या दिशेला हातभर सरकवायचा. मागे राहिलेला माणूस, चुकलेला गडी, उशिरा आलेला निरोप्या — चूल बघून समजतो कुठल्या वाटेने जायचं.

“दादाची चूल म्यां बघितली. तिन्ही दगड लाथंनं उडवल्यालं. म्हंजी काय, तर माझ्या मागं यायचं न्हाय.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “ईस-बावीस वर्सं झाली. देव माझ्या फळीवर बसून हाय. त्येचा धनी कुठं हाय ते मला ठावं न्हाय. मी मेल्यावर सुना त्येला कुठं ठिवत्याल, त्येचाच घोर हाय.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नाव यादीत घातलं नाही. नियम म्हणजे नियम. आता लिहिताना माझीच मला लाज वाटते. एक ओळ टाइप करायला कितीसा वेळ लागतो?

यानंतर आठवडाभरातली गोष्ट. हनुमान जयंतीला क्लास बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावून इंटरनेट जोडलं, ते कुईकुई आवाज करत जोडलं गेलं, आणि साइटचं गेस्टबुक उघडलं. म्हणजे पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही. एरवी त्यात माझे भाऊ आणि माझेच विद्यार्थी लिहायचे. त्या दिवशी मस्कतहून एका अनोळखी गृहस्थांचा मजकूर होता. मूळचे भिगवणकडचे, तिकडे नोकरीला. साइट आवडली, गावाची आठवण आली वगैरे. आणि शेवटी लिहिलं होतं की, तुमच्या इंदापूरच्या यादीत कोकरवाडी बघून फार आनंद झाला, शाळेत माझ्या वर्गात तिथला एक मुलगा होता. पण एक चूक दुरुस्त करा, कोकरवाडी निवडलं की लासुर्ण्याचं पान उघडतं.

तारीख आदल्या दिवसाची. हनुमान जयंतीची.

मी तो मजकूर चार वेळा वाचला. मग साइट उघडली, इंदापूर निवडलं आणि बोट ठेवून मोजलं. एकोणीस. काझड, मग लासुर्णे. मध्ये काही नाही. हौसामावशींनी कुणाला सांगून लिहवून घेतलं म्हणावं, तर या बाईला मस्कत कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. कुणा विद्यार्थ्याने चावटपणा केला म्हणावं, तर साइटचा पासवर्ड माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता, नवऱ्याकडेसुद्धा नाही. मी त्या गृहस्थांना इमेल पाठवलं. उत्तर आलं ते असं — काल होतं, मी दोनदा निवडून पाहिलं, आज नाहीये, तुम्ही काढलंत वाटतं, काढायला नको होतं.

मी कुणाला काही बोलले नाही. मनाशी म्हटलं, माणूस परदेशात आहे, गावची आठवण आली की डोळ्यांना काहीही दिसतं.

तीन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, वैशाली माझ्याशेजारी बसली होती. ही लासुर्ण्याची, तिथल्याच शाळेत शिक्षिका. लासुर्ण्याचं पान तिनेच केलेलं. तिने कालव्यावरच्या पुलाचा एक फोटो स्कॅन करून आणला होता आणि तो पानावर चढवायचा होता. फोटो चढला. ती म्हणाली, “मॅडम, पहिल्या पानावरनं जाऊन बघू ना, पाहुण्यासारखं.” मी इंदापूर निवडलं. दुसरी यादी उघडली.

काझड. कोकरवाडी. लासुर्णे.

वैशाली सहज म्हणाली, “हे कुठलं गाव घातलंत नवीन?”

तिला दिसत होतं. हे मला तेव्हा फार महत्त्वाचं वाटलं, आजही वाटतं. मी ते नाव निवडलं. पान बदललं आणि समोर लासुर्णे. कालव्यावरचा पूल, नुकताच चढवलेला.

माझ्यातली गणिताची बाई लगेच जागी झाली. मनात म्हटलं, सोपं आहे, यादीत एक नाव जास्त घुसलंय, त्यामुळे पत्ते एकाने सरकलेत. कोकरवाडीला लासुर्ण्याचा पत्ता, लासुर्ण्याला त्याच्या खालचा. मी मागे जाऊन लासुर्णे निवडलं. लासुर्णेच उघडलं. निमगाव केतकी निवडलं, निमगाव केतकी उघडलं. एकही पत्ता सरकलेला नव्हता. जास्तीचं नाव होतं आणि बाकीच्यांना धक्का न लावता त्याला लासुर्ण्याचा पत्ता जोडलेला होता. मग मी त्या पानाचा कोड उघडला. वैशालीला एकेक ओळ वाचायला लावली, मी बोटावर मोजत गेले. एकोणीस नावं. कोकरवाडी नाही. कोडची खिडकी बंद केली, यादी पुन्हा उघडली... काझड, लासुर्णे. बस.

तुम्ही विचाराल, पडद्याचा फोटो का नाही घेतला? प्रिंट स्क्रीनचं बटण काय शोभेला होतं? मी रोज पोरांना ते शिकवत होते. पण त्या क्षणी सुचलं नाही. याबद्दल मी स्वतःला पुरेसं बोलून घेतलं आहे, आता तुम्ही नका बोलू.

वैशाली गेली. भीती वाटली का? नाही. खरं सांगायचं तर भीती नव्हतीच. मोठ्या देवळात एकटंच शिरल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो ना, तसं काहीतरी झालं होतं. पंख्याचा आवाजही मला जास्त वाटत होता.

सांगावं की नाही, यावर मी अख्खी दुपार घालवली. एका म्हातारीच्या मनाला उगाच आशा लावायची आणि तिथे काही निघालं नाही तर? पण चार वाजता हौसामावशी आल्या, चपला काढल्या, पदर खोचला, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं.

त्यांनी सगळं ऐकलं. आश्चर्य वगैरे काही नाही. फक्त विचारलं, “लासुर्णं म्हंजी त्ये वालचंदनगरजवळचं?”

“हो. पण मावशी, हे नुसतं मशीन आहे. चुकलं असेल कुठंतरी. तिथं भाऊ असेलच असं नाही.”

“आसू दे की. ऐतवारी जाती मी.”

“बरं. मी एसटीचं बघते.”

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच अडाणी. “येष्टीनं? बाई, एकडाव चुकले ते पुरं न्हाय का? देव घिऊन चालत जायाचं.”

बारामती ते लासुर्णे पंचवीस किलोमीटरच्या आसपास. वैशाखाच्या तोंडचं ऊन. साठीची बाई आणि डोक्यावर पाच-सहा किलोचा दगड. मी हरतऱ्हेने सांगून पाहिलं, त्यांच्या मुलाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “आईनं ठरवलं म्हंजी ठरलं मॅडम. मला शिफ्ट हाय, न्हायतर मी आलो आस्तो.” शेवटी मीच निघाले. माझ्याकडे लुना होती. मी लुनावर पाणी, भाकरी आणि ग्लुकोजचा पुडा घेतला. मनातला हेतू स्पष्ट सांगते — बिरोबासाठी नाही, त्या रिकाम्या हाताने परतायला लागल्या की सोबत कुणीतरी असावं म्हणून.

पहाटे पाचला त्या दारातून निघाल्या. दगड घोंगडीत बांधलेला, डोक्यावर चुंबळ. पायांत चपला नाहीत. मी दोन किलोमीटर पुढे जाऊन झाडाखाली थांबायची, त्या मागून यायच्या, पाणी प्यायच्या, पण ओझं उतरवायच्या नाहीत. “उतरवला की मुक्काम झाला,” म्हणाल्या. “मुक्काम दादाच्यात.” उसाचे ट्रॅक्टर धुरळा उडवत जात होते. एका ट्रॅक्टरवाल्याने थांबून विचारलं, “आजी, बसता का?” हौसामावशींनी त्याला हसून नको म्हटलं आणि मग पुढची पाच मिनिटं त्या नुसत्या रडत चालल्या. मी लुना बंद करून ढकलत त्यांच्या बरोबर चालायला लागले.

बारा वाजून गेले होते तेव्हा आम्ही लासुर्ण्यात पोचलो. वैशालीला मी आधी कळवलं होतं; ती स्टँडवर उभी होती. तिने गावात चौकशी केली होती. म्हाकू नावाचा माणूस कुणाला माहीत नव्हता. “पण कालव्यापलीकडं एका द्राक्षबागेवर कुणी म्हातारे राखणीला आलेत म्हणे, गेल्या दिवाळीपासून. नाव नाही माहीत. सगळे आबाच म्हणतात,” ती म्हणाली.

आम्ही तिकडे वळलो आणि समोर तो पूल आला. पडद्यावर बघितलेला, तोच कोन, तोच तुटका कठडा.

पुलाच्या पलीकडे बागेच्या कडेला पत्र्याची खोली होती. दारात आठ-दहा मेंढरं आणि बाजेवर एक म्हातारा. उंच, पागोटं बांधलेला, पाय उन्हात सोडून बसलेला. त्याने आमच्याकडे बघितलं. मग हौसामावशींच्या डोक्यावरच्या घोंगडीकडे बघितलं. आणि तो उठून उभा राहिला.

मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल, रडारड होईल. तसं काही झालं नाही. हौसामावशी दहा पावलांवर थांबल्या. म्हातारा त्यांच्या पायांकडे बघत होता. पाय धुळीने आणि रक्ताने भरलेले.

“चालत आनलास?” त्याने विचारलं.

“व्हय दादा. बारामतीपासनं.”

“कुटं टेकवला न्हाईस?”

“न्हाय.”

त्याने आत जाऊन घोंगडी आणली, अंथरली, भंडाऱ्याची पिशवी आणली. मग बहिणीसमोर येऊन दोन्ही हात वर केले आणि तिच्या डोक्यावरचं ओझं स्वतः उतरवून घेतलं. दगड छातीशी धरून तो खाली बसला, आणि बसल्यावर मात्र त्याचे खांदे हलायला लागले. हौसामावशी त्याच्या शेजारी बसल्या. “दादा, माझं चुकलं,” असं त्या म्हणाल्या आणि तो म्हणाला, “तू न्हाईस चुकली. पान्यात ऱ्हायला आस्ता त्यो. मला कळायला उशीर झाला.”

मी आणि वैशाली मेंढरांकडे तोंड करून उभ्या राहिलो. मी रडत होते हे वैशालीने पाहिलं असावं, पण पोरगी शहाणी.

नंतर सावलीत बसून भाकरी खाताना मी आबांना म्हटलं, “मावशी इथं कशा पोचल्या, ते विचारलं नाहीत तुम्ही.”

“त्यात काय इचारायचं? मी सांगून आलो हुतो की.”

“कुणाला सांगून आलात?”

मग ते बोलले. सगळा जन्म फिरण्यात गेला, एक जागा अशी कधी नव्हतीच. बायको गेली, गुडघे गेले, आठ-दहा मेंढरं ठेवून कळप विकला आणि दिवाळीपासून इथे राखणीला राहिले. पहिल्यांदाच एका ठिकाणी टेकले. “जागा झाली की मागच्या मुक्कामाला सांगावं लागतं. औंदा धरनाचं पानी लई माघारी गेलंय. म्हनलं, जावं. कोकरवाडीच्या माळाला गेलो, चौथरा उघडा पडलाय. माझी चूल हुती त्या जाग्याला परत तीन दगड मांडले. दोन तितंच ठिवले आनि एक सरकवला... लासुर्ण्याकडं. चौथऱ्याला भंडारा लावला आनि म्हनलो, बाबा, म्या हितं न्हाय आता, म्या लासुर्ण्याला हाय. कुनी आलं माझं इचारीत तर सांग.”

“कधी गेला होतात?” मी विचारलं.

“चैती पुनवंला. मारुतीचा जलम झाला त्या दिशी.”

मस्कतच्या त्या गृहस्थांनी यादीत कोकरवाडी पाहिली तो दिवस.

हौसामावशींनी माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. त्यांच्या दृष्टीने हिशेब पूर्ण झाला होता. चौथऱ्याला सांगितलं, चौथऱ्याने पुढे सांगितलं, ज्याच्यातनं सांगता आलं त्याच्यातनं सांगितलं. त्यांना माझा कोड कधीच मोठा वाटला नव्हता, आणि त्यामुळे त्यात काही अवघडही वाटलं नाही.

हौसामावशी त्या वर्षीची भाऊबीज लासुर्ण्यात करून आल्या. पुढेही दरवर्षी जायच्या, आता एसटीने, कारण डोक्यावर काही नव्हतं.

मी काय केलं? मी पुण्याच्या एका जाणत्या मित्राकडे सगळ्या फाइली फ्लॉपीवर घालून नेल्या. त्याने व्हायरस तपासला, ब्राउझरने जुनं पान जपून ठेवलंय का ते तपासलं. पण जुन्या पानातही जे नाव कधी नव्हतंच ते जपणार कसं? शेवटी तो म्हणाला, तुम्ही आणि तुमची विद्यार्थिनी दोघीही दमलेल्या असाल. मी म्हटलं, आणि मस्कतचा माणूस? त्यावर त्याने चहा मागवला. मी परत आले आणि त्याच दिवशी यादीत स्वतःच्या हाताने कोकरवाडी टाइप केलं, पुढे पत्ता घातला लासुर्ण्याच्या पानाचा. इंदापूरची गावं वीस झाली. पान नाही तर नाव नाही, हा नियम मी त्या एका ओळीसाठी मोडला. साइट बंद पडेपर्यंत ते नाव तिथे होतं.

आता आबा नाहीत, हौसामावशीही नाहीत. बिरोबा आबांच्या भावकीतल्या एका पुतण्याकडे आहे, आणि तो अजून मेंढरं राखतो. ती फ्लॉपी कुठल्याच मशीनमध्ये उघडत नाही. उत्तर मला मिळालेलं नाही आणि आता मिळेल असं वाटतही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास आजही नाही. यादी उघडली की मी अजूनही आधी नावं मोजते.

गेल्या वर्षी भिगवण रोडवरची जागा सोडली. सामान टेम्पोत चढलं, नवरा खाली हॉर्न वाजवत होता. मी जिन्याखाली गेले, बांधकामाच्या ढिगाऱ्यातले तीन दगड उचलले आणि चपला काढायच्या जागी मांडले. दोन जवळ ठेवले. तिसरा हातभर सरकवला, नव्या जागेच्या दिशेला. दुकानदाराने विचारलं, “मॅडम, हे काय?”

मी म्हटलं, “राहू द्या. कुणी विचारत आलं तर.”